पायाखालची जमीन

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी जुन्या दिवसांविषयी काही लिहून द्यावे, असा आपल्या मंडळातील भगिनींचा आग्रह झाला. मी काही लेखिका नव्हे. पण भाईंदरला बिऱ्हाड थाटून चाळीस वर्षे उलटली. या काळात जे पाहिले आणि पुढे गरजेपोटी जे कागदपत्रांत वाचले, ते सांगते.

लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात माणसे राहत होतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि यजमानांचा पगार थांबला. पुढे त्यांना दुसरीकडे नोकरी लागली. फंडाचे पैसे हाती आले तेव्हा वाटले, आता हक्काचे छप्पर करावे. एका दलालाने भाईंदरला प्लॉट दाखविला. भातखाचरात चुन्याच्या रेघा ओढलेल्या, पलीकडे मिठागरांत मिठाचे पांढरे ढीग. भाव ऐकून आम्ही हुरळलोच! चाळीत एक निवृत्त तलाठी राहत. ते एवढेच म्हणाले, "वहिनी, विसार देण्याआधी सातबारा बघा."

सातबारा काढला, तो जमीन शेतीची आणि त्यावर कुळाचे नाव. १९४८ च्या कूळ कायद्याप्रमाणे जो शेतकरी नाही त्याला सरकारी परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. आणि १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे घर बांधावयाचे तर तेव्हा बिनशेती परवानगी लागत असे. दोन्हींचा तेथे पत्ता नव्हता. विसार वाचला, आणि कागद वाचण्याची सवय लागली ती कायमची.

या जमिनीची कथाही मोठी आहे. ही सारी खारजमीन. भरतीचे पाणी आत शिरले की पीक हातचे जाई. १८७० साली इंग्रज सरकारने भाईंदर, मिरे आणि घोडबंदर या गावांच्या जमिनीचा ९९९ वर्षांचा पट्टा रामचंद्र लक्ष्मणजी यांना दिला. खाडीला बांध घालून समुद्राचे पाणी थोपवावे, हा त्यामागील हेतू. बांधाला उघाडी ठेवतात. भरती चढली की पाण्याच्या दाबाने तिचे दार मिटते, ओहोटीला उघडते आणि शेतातले पावसाचे पाणी बाहेर जाते. असे काही पावसाळे गेले की मातीतला खार धुऊन निघतो आणि भात पिकू लागते. पण खांड पडली तर एका उधाणात सारे पुन्हा खारट! चिखल वाहून बांध राखला तो येथल्या कष्टकऱ्यांनी, त्यांत बायकाही आल्या. पट्ट्यावर मात्र त्यांपैकी कोणाचे नाव नाही. त्या पट्ट्याच्या हक्कांवरून वाद पुढे कचेऱ्यांत आणि न्यायालयांत वर्षानुवर्षे चालले.

प्लॉटचा नाद सोडून आम्ही इमारतीत दोन खोल्या घेतल्या. माझ्या पाटल्या मोडल्या, उरलेले कर्ज काढले. १९८४ च्या दिवाळीत राहावयास आलो तेव्हा जिन्याला कठडा नव्हता आणि नळाला पाणी नव्हते. पहाटे विहिरीवर, दुपारी टँकरपाशी हंड्यांची रांग लागे. आपले मंडळ जन्मले ते त्या रांगेत, हे नव्या सभासदांना ठाऊक नसेल. हळदीकुंकू नंतर आले. आधी आला पाण्याचा अर्ज आणि त्यावरच्या सह्या. १९८५ मध्ये ग्रामपंचायती एकत्र करून नगरपालिका झाली, २००२ मध्ये महानगरपालिका झाली. भातखाचरे पाहता पाहता दिसेनाशी झाली.

आपल्या शेजारच्या मीरा रोडच्या वसाहतीचे नाव तर देशाच्या कायद्यात गेले. कमाल जमीन धारणेच्या १९७६ च्या कायद्यातून दुर्बल घटकांच्या घरांसाठी सूट दिलेल्या जमिनीवरून शांतिस्टार बिल्डर्स विरुद्ध टोटामे हा खटला झाला. ३१ जानेवारी १९९० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, जगण्याच्या हक्कात राहण्याजोगा निवाराही येतो. रांगेतल्या आम्हां बायकांना हे न सांगताही कळत होते. पण ते न्यायालयाने म्हणावे, याचे मोल निराळे.

आता खरी गोष्ट सांगते. आमची सोसायटी नोंदली गेली, पावत्या फाटू लागल्या, आणि आम्ही समजलो, सारे आपले झाले. कितीतरी वर्षांनी इमारतीला तडे गेले, नव्याने बांधण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा कळले की भिंती आपल्या, पण खालची जमीन सोसायटीच्या नावे झालेलीच नाही! १९६३ च्या मालकी सदनिका कायद्याप्रमाणे बांधणाऱ्याने जमिनीचे अभिहस्तांतरण करून द्यावयाचे असते. करारात मुदत नसेल तर सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत. आमच्या बांधणाऱ्याने ते केले नाही आणि आम्हीही विचारले नाही. २००८ साली कायद्यात दुरुस्ती होऊन मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली. बांधणारा येवो न येवो, सोसायटीने जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावा. आम्ही केला. करारनामे शोधताना पुरुषमंडळी हताश झाली. ते निघाले बायकांच्या ट्रंकांतून, लग्नाच्या शालूखालून. हेलपाटे पुष्कळ झाले, पण आज जमिनीच्या उताऱ्यावर आमच्या सोसायटीचे नाव आहे.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट ध्यानी आली. तो करारनामा मी जपला, पाटल्या मी मोडल्या, पण त्यावर नाव एकट्या यजमानांचे. ते गेल्यावर भागपत्रावर माझे नाव चढविण्यासाठी मला किती उंबरठे झिजवावे लागले, ते माझे मला ठाऊक. त्यांच्या मनात काही वावगे नव्हते. तेव्हा कोणाला सुचलेच नाही, मलाही नाही.

म्हणून भगिनींनो, यंदाच्या वर्धापनदिनी घरी गेल्यावर ट्रंक उघडा आणि तीन कागद पाहा: जमिनीचा उतारा, अभिहस्तांतरणाचा दस्त आणि भागपत्र. पहिल्या दोहोंवर सोसायटीचे नाव आहे का? तिसऱ्यावर तुमचे आहे का? नसेल, तर मंडळाच्या पुढच्या बैठकीला ते कागद घेऊन या. पाण्याच्या अर्जावर सह्या गोळा करणाऱ्या आम्ही म्हाताऱ्या अजून आहोत.