चांदणी चौकाचा जमाखर्च



सासूबाई जाऊन वर्ष झालं आणि आमच्या घरात एक वाद सुरू झाला. त्यांच्या चार पाटल्या मोडून जी रक्कम येईल ती गावच्या बस्तीतल्या भोजनशाळेला द्यायची, हे त्या स्वतःच सांगून गेल्या होत्या. देण्याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. वाद होता तो संगमरवरी पाटीचा. थोरले भाऊजी म्हणाले, "आईचं नाव दारावर ठळक अक्षरांत लागलं पाहिजे." आमचे हे म्हणाले, "आईला असलं काही आवडलं नसतं." मी गप्प बसले. खरं सांगायचं तर मला भाऊजींचंच पटत होतं. त्या माउलीच्या नावावर आयुष्यभर ना घर होतं, ना शेत, ना पोस्टातलं खातं. एकदा तरी कुठेतरी तिचं नाव लागावं, असं मनात येत होतं.

त्याच थंडीत लेकीकडे दिल्लीला गेले. तिच्या नणंदेचं लग्न ठरलं होतं आणि खरेदी चांदणी चौकात करायची होती. किनारी बाजारातून जरी-गोटा, दरिबा कलाँमधून चांदीची भांडी, कटरा नीलमधून कापड, अशी लांबलचक यादी होती. त्या निमित्ताने तीन-चार दिवस त्या रस्त्यावर चालणं झालं. मी बी.कॉम. झालेली बाई. इतिहासाचा आणि माझा संबंध शाळेनंतर सुटला होता, पण जमाखर्च मांडून बघायची खोड सुटलेली नाही. त्या रस्त्याचा जमाखर्च मांडला आणि घरातल्या वादाचं उत्तर मला तिथे सापडलं. तेच आज सांगते.

लाल किल्ल्याकडे पाठ करून उभं राहिलं की समोर पश्चिमेला सरळ रस्ता जातो आणि फतेहपुरी मशिदीपाशी संपतो. तोच चांदणी चौक. शाहजहानने आग्र्याहून राजधानी इथे हलवली, १६३९ मध्ये किल्ल्याचा पाया घातला, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. पण हा बाजार शाहजहानने नव्हे, त्याच्या लेकीने, जहाँआरा बेगमने १६५० च्या सुमारास वसवला. तेव्हा तिचं वय छत्तीस. लांबी १५२० गज आणि रुंदी ४० गज. मधोमध पाण्याचा कालवा, दोन्हीकडे झाडं आणि दुकानांच्या ओळी. मध्यावर एक मोठा चौक आणि त्यात तलाव. त्या पाण्यात चंद्र दिसायचा म्हणून तो चांदणी चौक, असं सांगतात. आधी हे नाव तेवढ्या एका चौकाचं होतं. बाकीच्या भागांना उर्दू बाजार, जौहरी बाजार, फतेहपुरी बाजार अशी वेगवेगळी नावं होती. पुढे ती सगळी मागे पडली आणि चौकाचं नाव अख्ख्या रस्त्याला मिळालं.

आता आपल्या कामाचा प्रश्न. एवढं बांधायला तिच्याकडे पैसा आला कुठून? आई मुमताजमहल १६३१ मध्ये बाळंतपणात गेली तेव्हा जहाँआरा सतरा वर्षांची होती. आईच्या मागे राहिलेल्या संपत्तीतला निम्मा वाटा बापाने हिला दिला. पुढे सुरत बंदराचं उत्पन्न तिला मिळालं. तिचं स्वतःचं व्यापारी जहाज होतं. म्हणजे लग्न न केलेली ही मुलगी आपल्या पैशाने नगर वसवत होती. किल्ल्यातून पडद्याआडून कारभार बघणाऱ्या त्या बाईने रस्त्यावर काय काय बांधलं बघा: प्रवासी व्यापाऱ्यांसाठी मोठी सराई, म्हणजे आपली धर्मशाळा, आणि मागे बाग. बर्नियर नावाच्या फ्रेंच प्रवाशाने ती सराई पाहिली आणि पॅरिसमध्येही अशा सराया हव्यात, असं लिहून ठेवलं. रस्त्याच्या टोकाची फतेहपुरी मशीदही शाहजहानच्या एका बेगमेची, फतेहपुरी बेगमेची. रस्ता लेकीचा, मशीद बायकोची. आणि आपण पाठ काय केलं? शाहजहानने दिल्ली वसवली!

ही झाली जमेची बाजू. आता खर्चाची.

याच रस्त्यावर नोव्हेंबर १६७५ मध्ये औरंगजेबाच्या हुकमाने शिखांचे नववे गुरू तेगबहादूर यांचं शीर उतरवलं गेलं. दुसऱ्यांच्या धर्मासाठी त्यांनी प्राण दिले, असं शीख बांधव मानतात. त्या जागी आज सीसगंज गुरुद्वारा आहे. त्याला लागूनच सोनेरी घुमटांची छोटी सुनहरी मशीद. मार्च १७३९ मध्ये नादिरशहा तिथे बसला आणि त्याने कत्तलीचा हुकूम दिला. एका दिवसात हजारो माणसं कापली गेली. मयूर सिंहासन घेऊन तो निघून गेला. पुढे अब्दाली आला. आपल्या मराठ्यांचीही नोंद प्रामाणिकपणे करायला हवी. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी फौजेच्या खर्चासाठी किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासच्या छताची चांदी काढून वितळवली. आणि याच रस्त्यावरचं गौरीशंकर मंदिर शिंद्यांच्या पदरी असलेल्या आपा गंगाधर या मराठ्याने बांधलं, असंही सांगतात. एकाच खात्यात दोन्ही बाजू असतात, त्या अशा.

मग १८५७. दिल्ली परत घेतल्यावर इंग्रजांनी शहरातली माणसं बाहेर काढली, घरं लुटली, मोहल्ले पाडले. फतेहपुरी मशीद चक्क विकली. ती लाला चुन्नामल या व्यापाऱ्याने घेतली आणि १८७७ मध्ये ती मुसलमानांना परत मिळाली. जहाँआराची सराई पाडली गेली, तिथे टाऊन हॉल उभा राहिला. तिच्या बागेला लोक बेगमेची बाग म्हणायचे, तिचं नाव 'क्वीन्स गार्डन' झालं. एका बाईची पाटी काढून दुसऱ्या बाईची लावली म्हणा ना! टाऊन हॉलसमोर राणी व्हिक्टोरियाचा पुतळा बसवला. आज तिथे तोही नाही, स्वामी श्रद्धानंदांचा आहे. ३० मार्च १९१९ ला रौलट कायद्याविरुद्धच्या मोर्चात त्यांनी इथेच शिपायांच्या बंदुकांसमोर छाती उघडी केली होती. इंग्रजांनी बांधलेलं घड्याळाचं मनोरेही स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत कोसळलं. कालवा बुजवला गेला. १९०८ मध्ये ट्राम आली, १९६३ मध्ये तीही गेली. २०२१ मध्ये रस्ता नव्याने बांधून दिवसा चालणाऱ्यांसाठी मोकळा केला, म्हणून मला या वयात तो चालता आला.

मैत्रिणींनो, हे सगळं मांडल्यावर मी लेकीला म्हटलं, या रस्त्यावर ज्यांनी ज्यांनी आपली पाटी लावली त्यांची पाटी कुणीतरी येऊन काढलीच. मग शिल्लक काय राहिलं?

शिल्लक बघायची तर किल्ल्यासमोर यावं लागतं. तिथे आपलं दिगंबर जैन लाल मंदिर आहे. शाहजहानने अग्रवाल जैन व्यापाऱ्यांना नव्या शहरात वसायला बोलावलं आणि दरिब्याच्या बाजूला जागा दिली, त्या काळातली त्याची सुरुवात. लष्कराच्या छावणीत एका जैन अधिकाऱ्याच्या तंबूत भगवंतांची मूर्ती होती, तिथून हे मंदिर उभं राहिलं असं सांगतात. म्हणूनच याला उर्दू मंदिर म्हणायचे. उर्दू म्हणजे छावणी. आज दिसणारी उंच शिखरं पुष्कळ नंतरची. समोर मानस्तंभ आहे. बाहेर हॉर्न, रिक्षावाले, 'लेहंगा देख लो बहनजी' म्हणणारी पोरं, आणि आत तुपाच्या दिव्यांचा शांत उजेड.

तिथून किनारी बाजाराच्या अंगाला धरमपुरा गल्लीत नवं मंदिर आहे. 'नवं' म्हणजे १८०७ चं! ते बांधलं राजा हरसुखराय यांनी. ते बादशाही खजिनदार होते. आत संगमरवरात रंगीत दगड बसवून केलेलं इतकं बारीक काम आहे की माझ्या लेकीने जरीची यादी पर्समध्ये ठेवून दिली. या मंदिराची एक गोष्ट तिथले लोक सांगतात. मंदिर जवळपास पुरं होत आलं आणि हरसुखराय यांनी काम थांबवलं. पंचांना बोलावून म्हणाले, पैसे संपले, आता तुम्ही द्या. लोक थक्क झाले, मोठमोठ्या रकमा द्यायला पुढे आले. पण त्यांनी प्रत्येक घरातून अगदी थोडं थोडं घेतलं आणि तेवढ्यात मंदिर पुरं केलं. मग ते सगळ्या समाजाचं झालं. एकट्याचं नाव लागायचं कारणच उरलं नाही.

खजिनदार माणूस तो. पैसे संपले हे खोटं बोलला असेल, पण ते खोटं काय सुंदर होतं!

लाल मंदिराच्या आवारातच पक्ष्यांचं धर्मादाय हॉस्पिटल आहे. १९२९ मध्ये सुरू झालं, सध्याची इमारत १९५७ ची. आम्ही जिना चढत होतो तेव्हा बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा कापडी पिशवीत कबुतर घेऊन आला. मांजाने पंख कापला होता. टेबलावरच्या माणसाने रजिस्टर उघडलं आणि लिहिलं: तारीख, कबुतर, डावा पंख. पैसे विचारले नाहीत. इथे शाकाहारी पक्ष्यांना ठेवून घेतात. घार-शिक्र्यासारख्या मांसाहारी पक्ष्यांवर उपचार करतात, पण वस्तीला ठेवत नाहीत. बरा झाला की पक्ष्याला आकाशात सोडून द्यायचं, ही तिथली रीत. मी त्या रजिस्टरकडे बघत राहिले. इतकी वर्षं, एकेका पंखाची नोंद!

तिथे मला एकदम लख्ख कळलं. पाटी वेगळी आणि नोंद वेगळी. पाटी माझ्यासाठी असते, मी दिलं हे दिसावं म्हणून. नोंद खऱ्यासाठी असते, झालेलं हरवू नये म्हणून. अपरिग्रहात पाटी बसत नाही, पण नोंद ठेवायला कुणी नको म्हटलेलं नाही. बायकांच्या बाबतीत आपण उलटंच करत आलो. त्यांच्या नोंदीच ठेवल्या नाहीत. जहाँआराच्या नोंदी राहिल्या म्हणून तर आज मी तुम्हाला तिचं वय, तिचं उत्पन्न, तिची सराई सांगू शकते. नाहीतर सगळं बापाच्या नावे जमा झालं असतं.

परतायच्या आदल्या दिवशी लेकीला म्हटलं, मला जहाँआराची कबर दाखव. ती निजामुद्दिनला आहे. १६८१ मध्ये ती गेली. आत गेले आणि पाय थबकले. संगमरवरी जाळीच्या आत साधी कबर, वर छत नाही, घुमट नाही. वरच्या बाजूला माती आणि त्यात गवत. हिंदुस्थानातला सगळ्यांत श्रीमंत बाजार वसवणारी बाई उघड्या आकाशाखाली गवत पांघरून झोपली आहे. तिचा धर्म वेगळा, आपला वेगळा, पण हात आपोआप जोडले गेले.

घरी आल्यावर सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं, पाटी नको. पण बस्तीच्या देणगी-वहीत सासूबाईंचं पूर्ण नाव लिहायचं, माहेरच्या आडनावासकट. पुढे चार ओळी: या पाटल्या त्यांच्या आईने दिलेल्या, दोन दुष्काळांत त्या गहाण पडल्या, दोन्ही वेळा त्यांनीच दुधाच्या पैशातून सोडवल्या. पंचांनी ते माझ्याच अक्षरात लिहू दिलं. आणि भोजनशाळेतल्या पहिल्या पंगतीसाठी घरटी एक ओंजळ तांदूळ मागून आणले. ही कल्पना हरसुखराय यांची, हे मी कुणाला सांगितलं नाही, आज तुम्हाला सांगते.

थोरल्या भाऊजींना अजून पूर्ण पटलेलं नाही. मात्र परवा त्यांचा नातू आला होता, त्याला घेऊन ते बस्तीत गेले, ती वही मागून घेतली आणि ते पान त्याला वाचून दाखवलं, असं पुजाऱ्यांनी सांगितलं.

तुमच्या घरातल्या आज्या-सासवांच्या नोंदी कुठे आहेत, एकदा शोधा. नसतील तर या चातुर्मासात एक वही आणा आणि लिहायला घ्या.