व्यक्तिगत कुस्तीशैलीची घडण : खाशाबा जाधव यांच्या संदर्भात

प्रास्ताविक

मल्लविद्येत 'स्वतःची शैली' म्हणजे नवे डाव शोधणे, असा समज सर्वत्र आढळतो. महाराष्ट्रातील कुस्तीचा इतिहास पाहता तो अपुरा ठरतो. स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खाशाबा दादासाहेब जाधव (१९२६-१९८४) यांचे उदाहरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

विवेचन

कराडजवळील गोळेश्वर येथे जन्मलेल्या खाशाबांना कुस्तीचा वारसा वडिलांकडून लाभला. अंगकाठी लहान असल्याने केवळ ताकदीवर विसंबणे त्यांना शक्य नव्हते. चपळता हेच त्यांचे बळ ठरले. प्रतिस्पर्ध्याची मान जखडून त्याला खाली आणणारा 'ढाक' हा त्यांचा हुकमी डाव होता. हा डाव त्यांनी शोधलेला नाही. तो तालमीचा सामाईक ठेवा आहे. परंतु आपल्या शरीराला मानवणाऱ्या डावाची निवड आणि त्याचा अखंड सराव यांमुळे तो त्यांचा 'स्वतःचा' झाला.

पुढे या शैलीची कसोटी लागली. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांना गादीवर, वेळेच्या बंधनात आणि पंचांच्या निर्णयपद्धतीनुसार लढावे लागले. अमेरिकेचे रीस गार्डनर यांचे मार्गदर्शन तेथे मिळाले व फ्लायवेट गटात ते सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे बँटमवेट गटात कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांना नमवून त्यांनी कांस्यपदक पटकावले. मातीतील मूळ पाया कायम ठेवून नव्या नियमांशी त्यांनी साधलेला हा मेळ होय.

या यशामागे शिक्षकाचाही वाटा आहे. हेलसिंकीच्या प्रवासासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले.

समारोप

वारसा, निवड आणि कसोटी या तीन टप्प्यांतून व्यक्तिगत शैली घडते, असे यावरून म्हणता येईल. पायाभरणीपूर्वीच शैलीचा आग्रह धरल्यास ती केवळ लकब ठरते; पायाभरणीनंतरही निवडीचे स्वातंत्र्य नाकारल्यास विद्यार्थी गुरूची प्रतिकृती होऊन राहतो. पालघर, बोईसर-तारापूर परिसरात आज कुस्ती, ज्युदो वा कराटे शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीतही हे तितकेच लागू पडते. शैली शिकवता येत नाही. मात्र ती उमलण्यास अवसर देणे शिक्षकाच्या हाती असते.