गरम घोटाचा प्रवास : हिवाळी सायकल, काच आणि निर्वात

(१)
३ एप्रिल १९१०. इटलीतील मिलान ते सान रेमो ही सुमारे २९० किलोमीटरची सायकल शर्यत. दिनदर्शिकेनुसार वसंत ऋतू, परंतु तुर्किनो घाटात बर्फ साचलेले. फ्रेंच शर्यतपटू यूजेन क्रिस्तोफ घाट ओलांडून पुढे गेला तेव्हा त्याच्या पोटात कळा येत होत्या आणि बोटे काम करीनाशी झाली होती. अखेर एका वाटसरूने त्याला आधार देऊन रस्त्याकडेच्या खाणावळीत नेले.

(२)
खाणावळीच्या मालकाने त्याचे ओले कपडे उतरवून त्याला घोंगडीत गुंडाळले. क्रिस्तोफने मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये गरम पाणी मागितले आणि रमच्या बाटल्यांकडे बोट दाखवले. थोडी ऊब आल्यावर, उसन्या लांब विजारीत, तो पुन्हा सायकलवर बसला आणि शर्यत जिंकला! त्याला बारा तासांहून अधिक वेळ लागला. साठाहून अधिक स्पर्धकांपैकी अधिकृतपणे चारच जण शेवटपर्यंत पोहोचले. क्रिस्तोफला नंतर महिनाभर रुग्णालयात राहावे लागले.

(३)
या प्रसंगातील एक गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाला खटकते. ज्या वस्तूला आपण घरोघरी ‘थर्मास’ म्हणतो, ती १९१० साली बाजारात होती. उष्णता बाटलीत कोंडून बरोबर नेण्याची विद्या माणसाला साधली होती. मग सायकलस्वाराची ऊब खाणावळीतच का राहिली? तिला सायकलवर चढायला इतका उशीर का झाला? हा धागा त्या प्रश्नाविषयी आहे.

(४)
सुरुवात न्यूटनपासून करावी लागते. १७०१ मध्ये त्याने उष्णतेच्या मोजमापाविषयी एक छोटा निबंध निनावी प्रसिद्ध केला. तापलेले लोखंड कसे निवते हे पाहताना त्याने ते स्थिर हवेत ठेवले नाही. एकसारख्या वाहणाऱ्या वाऱ्यात ठेवले. कारण स्थिर हवेत वस्तूभोवतीची हवा तापून तिचे एक पांघरूण तयार होते. वारा ते पांघरूण सतत काढून नेतो आणि त्या जागी थंड हवा आणतो.

(५)
न्यूटनने प्रयोगासाठी मुद्दाम योजलेली ही परिस्थिती सायकलस्वाराच्या वाट्याला आपोआप येते. वारा पडलेला असला तरी ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारा माणूस स्वतःचा वारा स्वतःच निर्माण करतो. त्या वाऱ्यात, सायकलला अडकवलेली एकेरी भिंतीची छोटी धातूची बाटली! भांडे जितके लहान, तितका आतल्या द्रवाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग मोठा. घरच्या पातेल्यातला चहा निवतो त्याहून कितीतरी लवकर असा चहा निवतो.

(६)
यावरचा लोकांचा उपाय जुनाच होता : लोकर, फडके, चामडे गुंडाळणे. हे का उपयोगी पडते, याचा पद्धतशीर शोध अठराव्या शतकाच्या अखेरीस बेंजामिन थॉम्प्सन ऊर्फ काउंट रमफर्ड याने घेतला. लोकर आणि पिसे यांची ऊब त्यांत अडकून पडलेल्या हवेत असते, असे त्याने दाखवले. त्याने आणखी एक गोष्ट तपासली होती. हवा काढून घेतलेल्या पोकळीतून उष्णता हवेपेक्षाही कमी जाते. १७९९ मध्ये लंडनला रॉयल इन्स्टिट्यूशनची स्थापना झाली, तीत याच रमफर्डचा पुढाकार होता.

(७)
शाळेत आपण उष्णतेच्या तीन वाटा शिकलो : वहन, अभिसरण आणि प्रारण. पहिल्या दोन वाटांना पदार्थ लागतो. काही नसलेल्या जागेतून त्या जाऊ शकत नाहीत. तिसरी मात्र पोकळीही ओलांडते. तिला परतवायला आरसा लागतो. म्हणजे दुहेरी भिंत, मधे निर्वात आणि भिंतीला चांदीचा मुलामा, एवढे जमले की तिन्ही वाटा जवळजवळ बंद. तत्त्व सोपे आहे. ते काचेत उतरवायला मात्र रमफर्डनंतर जवळपास शतक जावे लागले.

(८)
आणि ज्याने ते उतरवले, त्याला काहीही गरम ठेवायचे नव्हते. जेम्स ड्युअर हा स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ त्याच रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये काम करीत होता. युरोपात तेव्हा वायू द्रवरूप करण्याची चुरस लागली होती. १८८३ मध्ये क्रॅकोच्या व्रुब्लेव्स्की आणि ओल्शेव्स्की यांनी प्राणवायू द्रवरूपात मिळवला होता. उणे १८३ अंशांवर उकळणारा हा द्रव साध्या भांड्यात पाहता पाहता उडून जाई. तो टिकवण्यासाठी ड्युअरने १८९२ मध्ये दुहेरी भिंतीचे निर्वात पात्र तयार करवून घेतले. बाहेरची ऊब आत येऊ नये, हा त्याचा हेतू.

(९)
भिंतीला मात्र दिशा कळत नाही. जी भिंत उष्णतेला आत येऊ देत नाही, ती तिला बाहेरही जाऊ देत नाही. या पात्राच्या आधारे ड्युअरने १८९८ मध्ये द्रवरूप हायड्रोजन मिळवला. या यशाची किंमत इतरांनीही मोजली : प्रयोगशाळेतील स्फोटांत त्याचे साहाय्यक लेनॉक्स आणि हीथ यांना प्रत्येकी एक डोळा गमवावा लागला. थर्मासच्या लोकप्रिय कथेत ही नावे सहसा येत नाहीत.

(१०)
ड्युअरने पात्राचे पेटंट घेतले नाही. पुढचे पाऊल टाकले ते बर्लिनच्या रायनहोल्ड बुर्गर या काचकारागिराने. प्रयोगशाळेसाठी अशी पात्रे बनवणाऱ्या बुर्गरच्या लक्षात आले की हीच वस्तू स्वयंपाकघरात आणि प्रवासातही चालेल. फक्त ती नाजूक आहे. त्याने आतल्या काचेला आधार दिले, बाहेरून धातूचे आवरण चढवले आणि १९०३ मध्ये जर्मन पेटंट घेतले. १९०४ मध्ये ‘थेर्मे’, म्हणजे उष्णता, या ग्रीक शब्दावरून ‘थर्मास’ हे व्यापारी नाव आले. १९०७ मध्ये ब्रुकलिन, टॉटनहॅम आणि माँट्रियल येथील तीन कंपन्यांना हक्क विकले गेले.

(११)
ड्युअर चिडला, न्यायालयात गेला आणि हरला. पेटंट नाही, म्हणून हक्क नाही. शोध नेमका कोणाचा, हा प्रश्न इथे सरळ उरत नाही. निर्वाताचा गुण रमफर्डने तपासला, पात्राची रचना ड्युअरने केली, ते हातात धरून फिरता येईल असे बुर्गरने बनवले. शालेय पुस्तकात एक वस्तू आणि एक नाव अशी जोडी असते. प्रत्यक्षात एका बाटलीमागे तीन पिढ्या आणि अनेक अनामिक काचकारागीर उभे असतात.

(१२)
आता क्रिस्तोफकडे परत येऊ. १९१० ची ही बाटली आतून काचेचीच होती. घरी ज्यांच्या हातून थर्मास निसटला आहे, त्यांना तो आवाज आठवत असेल : बाहेरचे आवरण शाबूत आणि आत काचांचा खुळखुळाट. त्या काळचे खडबडीत रस्ते, फरसबंदीचे दगड आणि दिवसभराचे हादरे यांत अशी काच टिकणे कठीण. शिवाय शर्यतपटूला घाटात प्रत्येक औंस जाणवतो. विद्या होती, वस्तू होती. तिचे शरीर सायकलचे नव्हते.

(१३)
हौशी सायकलस्वारांनी दरम्यान दुसरी वाट काढली : ऊब नेता येत नसेल तर विस्तव न्यावा. योगायोग असा की ड्युअरच्या पात्राचेच वर्ष, १८९२, हे प्रायमस स्टोव्हचेही वर्ष मानले जाते. स्टॉकहोमच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने तो बनवला. पंप मारायचा, पिन घालायची आणि निळी ज्योत धरायची; रॉकेलच्या दिवसांत वाढलेल्या मराठी घरांना या स्टोव्हची ओळख करून द्यायला नको.

(१४)
ब्रिटनमध्ये सायकल पर्यटनाची परंपरा जुनी. तिथल्या पर्यटक सायकलस्वारांचा क्लब १८७८ चा. रस्त्याकडेला थांबून डब्यात चहा उकळण्याला या मंडळींत ‘ड्रम-अप’ असा खास शब्द होता. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या ‘रफ स्टफ फेलोशिप’ या डोंगरवाटांवर सायकल नेणाऱ्या संघाच्या जुन्या छायाचित्रांत दगडाच्या आडोशाला सायकली टेकवून चहा करणारी माणसे दिसतात. या पद्धतीत चहा नेहमी ताजा मिळे. थांबावे मात्र लागे, आणि शर्यतीत थांबता येत नाही.

(१५)
काचेला पर्याय पोलाद. प्रत्यावर्ती विजेच्या ट्रान्सफॉर्मरवरील कामासाठी प्रसिद्ध असलेले विल्यम स्टॅन्ली यांनी १९१३ मध्ये संपूर्ण पोलादी निर्वात बाटली आणली. ती दणकट होती, पण जडही. हलकी, उच्च निर्वाताची स्टेनलेस पोलादी बाटली आली ती १९७८ मध्ये जपानमधून. ती बनवणाऱ्या ‘निप्पॉन सान्सो’ या कंपनीच्या नावाचा अर्थच ‘जपान प्राणवायू’! औद्योगिक वायूंचा व्यवसाय करणाऱ्या या कंपनीने १९८९ मध्ये थर्मासचा व्यवसायही विकत घेतला. द्रवरूप प्राणवायूसाठी जन्मलेले पात्र फिरून प्राणवायूवाल्यांच्याच हाती आले.

(१६)
५ जून १९८८. पुन्हा इटली, पुन्हा बर्फ. जिरो दि’तालिया शर्यतीत २,६०० मीटरहून उंच गाव्हिया घाट. हवामानाचा अंदाज पाहून अमेरिकी शर्यतपटू अँडी हॅम्पस्टनच्या संघाने त्या दिवशी बर्फावर घसरण्याच्या खेळाचे गरम कपडे खरेदी केले. कोरडे कपडे आणि गरम चहा घेऊन संघाची माणसे घाटात उभी राहिली. हॅम्पस्टन त्या दिवशी दुसरा आला, पण आघाडीचा गुलाबी सदरा त्याच्या अंगावर चढला आणि पुढे तो संपूर्ण शर्यत जिंकला. १९१० मध्ये सायकलस्वार उबेकडे गेला होता; १९८८ मध्ये ऊब सायकलस्वाराकडे आली.

(१७)
इथे एक हिशेब मांडायला हवा, कारण गरम पेयाविषयी आपल्या कल्पना भाबड्या असतात. ६० अंशांचा अर्धा लिटर चहा शरीराच्या ३७ अंशांपर्यंत निवताना सुमारे साडेअकरा किलोकॅलरी उष्णता देतो. जोमाने सायकल चालवणारा माणूस तासाला ५०० किलोकॅलरींच्या आसपास खर्च करतो आणि त्यातील बहुतेक भागाची उष्णताच होते. म्हणजे अख्ख्या बाटलीची ऊब शरीराच्या जेमतेम दोन मिनिटांच्या कमाईइतकी! त्याच चहातील चार चमचे साखर, म्हणजे साधारण २० ग्रॅम, सुमारे ८० किलोकॅलरी देते.

(१८)
मग हा सारा खटाटोप व्यर्थ का? नाही. थंडीत तहान मंदावते; श्वासावाटे आणि घामावाटे पाणी जातच असते, पण बर्फगार पाण्याचा घोट घ्यावासा वाटत नाही. गरम पेय माणूस पितो. त्याबरोबर पाणी जाते, साखर जाते. पेला धरून बोटे पुन्हा वळू लागतात, आणि ब्रेक दाबणे त्या बोटांवर अवलंबून असते. गरम घोटाचे सामर्थ्य त्याच्या तापमानापेक्षा तो घडवून आणणाऱ्या या गोष्टींत आहे. क्रिस्तोफनेही खाणावळीत गरम पाण्याबरोबर घोंगडी, विसावा आणि कोरडी विजार मिळवली होती.

(१९)
हिवाळ्यात लांबच्या फेरीला जाणाऱ्यांनी या इतिहासातून दोन साध्या गोष्टी घ्याव्यात. बाटली आधी उकळत्या पाण्याने विसळून तापवावी, नाहीतर चहाची पहिली ऊब आतल्या थंड भिंतीच पितात. आणि ती काठोकाठ भरावी, बूच कमीत कमी वेळा उघडावे. निर्वात भिंतीतून फारसे काही निसटत नाही. जे जाते ते मुख्यतः तोंडातून जाते.

(२०)
शेवटी शब्दाविषयी. ‘थर्मास’ हे नाव कंपनीने जपले, त्याची जाहिरात केली आणि त्या यशातच ते गमावले. १९६३ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने निकाल दिला की हा शब्द आता सर्वसामान्य भाषेचा झाला आहे. प्रतिस्पर्धी कंपनीही काही अटींवर तो वापरू शकते. मराठीने अशा निकालाची वाट पाहिली नाही. रुग्णालयात डब्याबरोबर जातो तो थर्मास, त्यावर छाप कोणाचीही असो.

(२१)
ड्युअरचे नाव बोलण्यातून गेले, पण प्रयोगशाळांत निर्वात पात्राला आजही ‘ड्युअर’च म्हणतात. महाराष्ट्रातील एखाद्या खेड्याच्या वाटेवर कधी मोटारसायकलला बांधलेले, अरुंद गळ्याचे फुगीर धातूचे पात्र दिसले तर जरा थांबून पाहा. गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी त्यात उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन असतो. ड्युअरला हवे होते तेच काम, दुचाकीवर. आणि त्याच वाटेवर पहाटेच्या धुक्यात एखादा सायकलस्वार पाय टेकवून बूच उघडत असेल, तर त्याच्या हातातही तेच पात्र आहे.

(धागा समाप्त)