एनडीएम-१

न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज-१. प्रतिजैविके निकामी करणारे, जीवाणूंत तयार होणारे एक विकर. पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन व कार्बापेनेम या गटांतील औषधांच्या रेणूत बीटा-लॅक्टम हे चार अणूंचे कडे असते. जस्ताच्या आयनांच्या साहाय्याने हे विकर ते फोडते. मेरोपेनेमसारखी कार्बापेनेम औषधे डॉक्टर शेवटच्या फळीसाठी राखून ठेवत आले आहेत. तीच निष्प्रभ ठरावीत, हे या विकराचे खरे भय.

दिल्लीत रुग्णालयात राहून स्वीडनला परतलेल्या भारतीय वंशाच्या एका रुग्णाच्या लघवीतील क्लेब्सिएला न्यूमोनिई जीवाणूत २००८ साली ते प्रथम सापडले. पुढे त्याच्याच शौचातील ई. कोलायमध्येही तेच जनुक आढळले. हे जनुक प्लाझ्मिड या सुट्या डीएनए-कड्यावर असते आणि एका जातीचा जीवाणू ते दुसऱ्या जातीच्या जीवाणूला देऊ शकतो. त्यामुळे एका जंतूची साखळी तोडली तरी धोका टळतोच असे नाही.

मार्च २०१० मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील संशोधकांनी कार्बापेनेमला दाद न देणाऱ्या २४ जीवाणू-नमुन्यांपैकी २२ मध्ये एनडीएम-१ असल्याचे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी ‘द लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’मधील अहवालात चेन्नईतील ४४, हरियाणातील २६ व ब्रिटनमधील ३७ नमुन्यांची नोंद झाली. राजधानीचे नाव विकराला दिल्याबद्दल भारतातून तीव्र निषेध झाला. तो समजण्यासारखा होता. पण नावाच्या वादात वॉर्डातली स्वच्छता मागे पडली, हे नुकसान मोठे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिल्लीतील साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ आणि नळाच्या पाण्याच्या ५० पैकी २ नमुन्यांत हे जनुक मिळाले.

प्रयोगशाळेत या विकराचा परिणाम साध्या डोळ्यांना दिसतो. जीवाणू पसरलेल्या काचबशीवर औषधाच्या चकत्या ठेवतात. औषध लागू असेल तर चकतीभोवती स्वच्छ गोल वर्तुळ उमटते. इथे मेरोपेनेमच्या चकतीच्या अगदी कडेपर्यंत जीवाणूंची साय चढलेली असते. रिपोर्टवर औषधांच्या नावांपुढे एकाखाली एक ‘आर’ (रेझिस्टंट) येतो.

रुग्णालयात अशा जीवाणूंचा प्रसार मुख्यतः न धुतलेल्या हातांनी होतो. लघवीची नळी, व्हेंटिलेटर, बेसिनचे ड्रेन हीही ठिकाणे. असे जीवाणू आतड्यात बाळगणारा रुग्ण लक्षणांविना राहू शकतो. त्याला तालुक्याहून जिल्ह्याला, तिथून शहरातल्या आयसीयूत ‘रेफर’ केले की जंतूही सोबत जातात. गुदमार्गातील स्वॅब तपासणे, वाहक रुग्णाला वेगळे ठेवणे आणि रेफरच्या कागदावर तसे ठळक लिहिणे हे उपाय साधे आहेत, पण मनुष्यबळ मागतात. एका सिस्टरवर भरलेला वॉर्ड असेल तर प्रत्येक रुग्णानंतर हात धुणे तिला कसे जमावे?

उपचारात कोलिस्टिन वापरतात. त्याने मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. ॲझट्रिओनॅम हे औषध एनडीएम-१ ने फुटत नाही. मात्र त्याच जीवाणूतली इतर विकरे ते फोडतात, म्हणून सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टमची जोड देतात. प्रतिजैविकांचा बेसुमार वापर आवरावा म्हणून १ मार्च २०१४ पासून भारतात कार्बापेनेमसह अनेक प्रतिजैविके ‘एच-१’ अनुसूचीत आहेत. ती विकताना औषध दुकानदाराने रुग्ण, डॉक्टर व मात्रा वहीत नोंदवून वही तीन वर्षे जपायची असते.