पांढरी, काळी आणि विष्णुपुरीचा प्लॉट

शेतकरी असो की शाळामास्तर, गाठीला चार पैसे जमले की आपल्या भागातल्या माणसाच्या मनात एक विचार येतोच. नांदेडला एखादा प्लॉट घेऊन ठेवावा. पोरं शिकतील, म्हातारपणी दवाखाना जवळ राहील. मग पाहुण्यारावळ्यांत विचारपूस सुरू होते, आणि त्यात विष्णुपुरीचं नाव हमखास निघतं. रस्ता किती रुंद, भाव काय, बस कुठं थांबते, हे सगळं विचारलं जातं. पायाखालची माती कोणती, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. आपल्या वाडवडिलांनी हाच प्रश्न सगळ्यांत आधी विचारला होता.

जुन्या गावाची वाटणी आठवा. घरं असत ती 'पांढरी' आणि पीक घ्यायचं ती 'काळी'. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कपाशीला आणि ज्वारीला ती लक्ष्मी, भिंतीला मात्र वैरीण. म्हणून वस्ती उंचवट्यावर, पाण्याचा निचरा होईल अशा जागी बसे. पुढे त्याच जागी पिढ्यान्‌पिढ्या चुलीची राख पडली, जुन्या भिंती ढासळल्या, त्यांवर नव्या उठल्या, आणि पांढरीचा थर वाढत गेला. पांढरी काही अंशी निवडलेली असते आणि काही अंशी माणसांनीच घडवलेली असते.

म्हणून तिचे गोडवेच गावेत असं नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदावरचा पांढऱ्या मातीचा जडशीळ भार झोपलेल्या माणसांवर कोसळला. जागेची निवड जुन्यांनी चांगली जाणली होती; बांधणीचं तसं म्हणता येत नाही. त्यानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली कितीतरी गावं उठवून नव्या जागी बसवावी लागली. नवं गाव शेतापासून किती लांब, शेजारी जुनेच राहतील की नवे येतील, यावर तेव्हा मोठा खल झाला. शहरात प्लॉट घेणारा एकटाच असतो, त्याला असा खल करायला गाव नसतं.

आता नांदेडकडे वळू. ही वस्ती फार जुनी. चौथ्या शतकातल्या वाशीमच्या वाकाटक ताम्रपटात 'नान्दीकट' नावाच्या विभागाचा उल्लेख आहे आणि अभ्यासक त्याचा संबंध नांदेडशी जोडतात. जुनं शहर गोदावरीच्या उत्तर काठावर वाढलं. पाणी, घाट, तीर्थ आणि पेठ ही सारी तिथं हाताशी होती. 1708 साली गुरु गोविंदसिंगजींचा इथंच अंत झाला. पुढे 1830 नंतर महाराजा रणजितसिंगांनी गुरुद्वाऱ्याची इमारत उभारवली आणि त्याभोवतीची वस्ती दाट झाली. विसाव्या शतकाच्या तोंडावर मनमाडकडून हैदराबादकडे जाणारी रेल्वे आली, मग उस्मानशाही कापडगिरणी आली. आता लोक भोंगा ऐकू येईल अशा अंतरावर घर पाहू लागले. पण नदी ओलांडून दक्षिणेला जाऊन राहावं, असं फारसं कुणाला वाटत नव्हतं.

विष्णुपुरी त्या दक्षिण काठावर, शहरापासून आठ-दहा किलोमीटरवर. काळेश्वराचं जुनं मंदिर, नदी आणि शेती एवढंच त्या गावाचं भांडवल. 1981 साली तिथं श्री गुरु गोविंदसिंगजींच्या नावानं अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं. गोदावरीवर विष्णुपुरीचा बंधारा झाला. पाणी उचलून वरच्या शिवाराला देणारी ती योजना, शहराची तहानही त्यावर भागू लागली. 17 सप्टेंबर 1994 रोजी, मराठवाडा मुक्तिदिनी, स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ स्थापन झालं तेही इथंच. पुढे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालयही शहरातून इकडे हललं. सिडकोचं नवीन नांदेड याच बाजूला वसलं आणि 1997 च्या महानगरपालिकेनं वाघाळ्याचं नाव आपल्या नावाला जोडून घेतलं. सोळाशे वर्षं उत्तरेकडे झुकलेलं शहर एका पिढीत नदी ओलांडून आलं!

हे चांगलंच झालं. पण ज्या जमिनीवर नव्या वसाहती आखल्या गेल्या, तिच्यातली पुष्कळशी कालपर्यंतची काळी. वर मुरमाचा थर टाकून चुन्याच्या रेघा ओढल्या की काळी दिसेनाशी होते, जात नाही. तिच्यात घर बांधायचं तर मुरूम लागेपर्यंत पाया खाली न्यावा लागतो, आणि तो खर्च प्लॉटच्या भावात कुणी सांगत नाही. मास्तरांचा भविष्यनिर्वाह निधी जागेतच संपला, तर पाया उथळ राहतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. ऑगस्ट 2006 मध्ये वर जायकवाडीतून पाणी सुटलं आणि गोदावरी नांदेडच्या सखल वस्त्यांत शिरली. पूररेषा दोन असतात : निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तांबडी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत घर बांधायला मनाई आहे, दोन्हींच्या मधे निर्बंध आहेत. हा नकाशा सातबाऱ्यावर दिसत नाही. तो पाटबंधारे खात्याकडे आणि महापालिकेत पाहावा लागतो. बिगरशेतीचा आदेश आणि मंजूर आराखडा पाहतो तसाच तोही मागून घ्यावा.

शक्य असेल तर जागा पाहायला दोनदा जावं. एकदा मे महिन्यात, शेजारच्या दहा-बारा वर्षांच्या घरांच्या भिंतींना भेगा आहेत का, ते पाहायला. आणि एकदा भर श्रावणात, गुरं राखणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्याला गाठून, 2006 साली पाणी कोणत्या बाभळीपर्यंत आलं होतं ते विचारायला.