कर्कपेशींमधील सहकार्य

कर्कपेशींमधील सहकार्य : एकाच अर्बुदातील (गाठीतील) भिन्न गुणधर्मांच्या पेशींनी एकमेकींच्या वाढीला व प्रसाराला लावलेला हातभार. कर्करोगाने होणारे बहुतेक मृत्यू मूळ गाठीमुळे नव्हे, तर विक्षेपामुळे, म्हणजे गाठीतून सुटलेल्या पेशी यकृत, फुप्फुस, हाडे अशा दूरच्या अवयवांत रुजल्यामुळे होतात.

पार्श्वभूमी : इंग्रज शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये कर्कपेशी म्हणजे बी आणि अवयव म्हणजे जमीन, अशी मांडणी केली. एका पेशीपासून वाढलेल्या गाठीत उत्परिवर्तनांमुळे अनेक उपवंश निर्माण होतात, हे पीटर नॉवेल यांनी १९७६ मध्ये मांडले. पुढे या उपवंशांत स्पर्धेबरोबर साहाय्यही चालते, असे आढळले.

फुप्फुसाचा लघुपेशी कर्करोग : उंदरांतील या कर्करोगाच्या गाठींत दोन प्रकारच्या पेशी सापडतात : चेतासंप्रेरकी (चेतापेशी व संप्रेरक-स्रावी पेशी या दोन्हींचे गुण असलेल्या) आणि तसे गुण नसलेल्या. संवर्धन-पात्रात चेतासंप्रेरकी पेशी गुच्छ करून द्रवात तरंगतात, तर दुसऱ्या पेशी तळाला चिकटून पसरतात. ॲमस्टरडॅम येथील अँटन बर्न्स यांच्या गटाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत चेतासंप्रेरकी पेशी एकट्या टोचल्या तेव्हा गाठ झाली, पण ती पसरली नाही. दोन्ही प्रकार मिसळून टोचल्यावर मात्र चेतासंप्रेरकी पेशी यकृतात पोहोचल्या. म्हणजे प्रसाराची क्षमता त्यांना शेजारणींकडून मिळाली होती.

रक्तातील पुंजके : काही पेशी एकमेकींना धरूनच रक्तात उतरतात. असे पुंजके विरळ असतात. तरीही २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्तन-कर्करोगाच्या अभ्यासात, उंदरांमध्ये त्यांची विक्षेपक्षमता सुट्या पेशींच्या २३ ते ५० पट आढळली. प्लॅकोग्लोबिन हे प्रथिन त्यांना सांधून ठेवते. ते घटवल्यावर पुंजके व फुप्फुसातील विक्षेप दोन्ही कमी झाले. एवढे मोठे पुंजके केशवाहिन्यांत अडकत कसे नाहीत? केशवाहिनीएवढ्या अरुंद कृत्रिम नळ्यांत ते एकामागे एक अशा रांगेने पुढे सरकतात आणि बाहेर पडल्यावर पुन्हा गोळा होतात, असे २०१६ मध्ये दिसून आले.

उपचारदृष्ट्या महत्त्व : एका उपवंशावर नेमके लागू पडणारे औषध इतरांना मोकळे सोडू शकते. त्यामुळे पेशी मारण्याबरोबरच त्यांची जूट मोडण्याचे मार्ग शोधले जात आहेत. हृदयविकारात जुन्या काळापासून वापरले जाणारे डिगॉक्सिन पुंजके विस्कळीत करते, असे प्रयोगांत आढळले असून रुग्णांवरील छोट्या चाचणीतही पुंजक्यांचा आकार घटला. मात्र त्यामुळे रुग्णाचे आयुष्य वाढते, असे अद्याप सिद्ध झालेले नाही.