सोळा घटकांचे सूत्र

२, ४, ८. पुढची संख्या कोणती? भिसेगावच्या पाचवीच्या वर्गात विचारा किंवा पुण्यातल्या, उत्तर १६ असेच येईल. पण एखादी मुलगी १४ म्हणाली तर? तिला खाली बसवण्याआधी क² − क + २ हे सूत्र पाहा. क च्या जागी १, २, ३ घातले की २, ४, ८ मिळतात आणि ४ घातले की १४. कागदावर एक, दोन, तीन, चार वर्तुळे एकमेकांना छेदत काढली, तर कागदाचे जास्तीत जास्त इतकेच भाग पडतात. म्हणजे १४ हेही खरे उत्तर आहे. दिलेल्या आकड्यांना बसणारी सूत्रे हवी तितकी निघतात. त्यांतले पुढे कोणते चालेल, हे मात्र त्या आकड्यांत लिहिलेले नसते.

आपल्या देशातल्या मान्सूनच्या अंदाजाचा इतिहास याच अडचणीभोवती फिरतो. १८७७ साली पाऊस हुकला आणि भीषण दुष्काळ पडला. नुकत्याच (१८७५) स्थापन झालेल्या हवामान खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फाचा आणि पुढच्या पावसाचा संबंध जोडून १८८६ मध्ये पहिला रीतसर अंदाज दिला. पुढे १९०४ ते १९२४ या काळात गिल्बर्ट वॉकर या गणितज्ञाने जगभरचे हवेचे दाब, तापमाने आणि पाऊस यांचे सहसंबंध काढायला लावले. संगणक नव्हते, आकडेमोड कारकुनांनी हाताने केली. त्याच खटाटोपात प्रशांत महासागरावरचा हवेच्या दाबाचा झोका, म्हणजे 'दक्षिणी आंदोलन', त्यांच्या लक्षात आला. १९२८ मध्ये खात्याचे कार्यालय सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरची ती इमारत अजून 'सिमला ऑफिस' म्हणूनच ओळखली जाते.

१९८७ साली पुन्हा मोठा दुष्काळ पडला. डॉ. वसंत गोवारीकर तेव्हा केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचे सचिव होते. पुण्यात जन्मलेला हा शास्त्रज्ञ अग्निबाणांच्या घन इंधनातला जाणकार. त्यांनी आणि हवामान खात्यातल्या सहकाऱ्यांनी सोळा घटकांचे एक सूत्र बसवले. त्यात हिमालयातले आणि युरोप-आशियातले बर्फ होते, एल निनो होता, उत्तर भारताचे मार्चमधले तापमान होते, अगदी अर्जेंटिनातला एप्रिलमधला हवेचा दाबही होता. प्रत्येक घटकाला स्वतंत्र गुणक आणि स्वतंत्र घातांक. १९८८ पासून याच सूत्रावरून अंदाज दिले जाऊ लागले. त्यातली चूक चार टक्क्यांच्या आत राहील अशी अपेक्षा होती.

१९८९ मध्ये अंदाज सरासरीच्या १०२ टक्के होता आणि पाऊस १०१ टक्के पडला. वर्तमानपत्रांनी कौतुक केले. १९९४ मध्ये मात्र अंदाज ९२ टक्के आणि पाऊस ११० टक्के! तरी टीका फारशी झाली नाही, कारण जास्त पावसाबद्दल कोण तक्रार करतो? शिवाय १९८८ ते २००१ या चौदा वर्षांत देशव्यापी दुष्काळ एकदाही पडला नाही. दर साल डोळे मिटून 'यंदा सरासरीइतका' म्हणणारा माणूसही बहुतेक वर्षी बरोबरच ठरला असता.

२००२ साली अंदाज होता १०१ टक्के. जुलैमध्ये देशात सरासरीच्या जेमतेम निम्मा पाऊस झाला आणि हंगाम ८१ टक्क्यांवर संपला.

असे का व्हावे? सोळा गुणक, सोळा घातांक आणि एक स्थिरांक मिळून निदान तेहेतीस आकडे जुळवायचे. पण पावसाळा वर्षातून एकच येतो, आणि वरच्या थरांतल्या वाऱ्यांच्या व उपग्रहांनी टिपलेल्या बर्फाच्या नोंदी होत्या काही दशकांच्याच. बदलायला इतके आकडे हाती असले, की सूत्र गेल्या वर्षांना छान बसते, त्या वर्षांतल्या निव्वळ योगायोगांसकट. दुसरे कारण निसर्गातले आहे. १९९७ मध्ये एल निनो फार जोरात होता, तरी पाऊस सरासरीइतका झाला. पुण्याच्या कृष्णकुमार यांनी राजगोपालन आणि केन यांच्यासह १९९९ मध्ये दाखवून दिले, की एल निनो आणि मान्सून यांचा जुना संबंधच सैल पडत चालला होता. या सूत्राच्या कर्त्यांनी ते घटकांसह 'मौसम' या नियतकालिकात उघडपणे छापले होते, ही गोष्ट आम्हांला मोलाची वाटते. म्हणून तर इतरांना ते तपासता आले.

२००३ पासून आठ आणि दहा घटकांची सूत्रे आली. पुढच्याच वर्षी तीही चुकली. २००७ पासून पाच-सहा घटकांच्या अनेक सूत्रांची सरासरी घेतली जाऊ लागली, आणि २०२१ पासून संगणकावर वातावरण आणि समुद्राची समीकरणे सोडवणाऱ्या अनेक प्रारूपांचा एकत्रित अंदाज दिला जातो. अर्थात हा आकडा साऱ्या देशाचा. १९७१ ते २०२० ची देशाची सरासरी ८७ सेंटिमीटर आहे, आणि बोरघाटाच्या पायथ्याच्या कर्जत-भिसेगावला तेवढा पाऊस एकट्या जुलैतही पडून जातो.

वर्गात हे करून पाहता येईल. तालुक्याच्या पर्जन्यमापकाच्या वीस वर्षांच्या नोंदी मिळवा. शेवटची पाच वर्षे कागदाने झाका. उरलेल्या पंधरा आकड्यांना बसेल असे सूत्र मुलांना शोधू द्या, हवे तितके गुंतागुंतीचे. एका गटाने फक्त पंधरा वर्षांची सरासरी काढून तोच आकडा पाचही वर्षांसाठी लिहावा. मग कागद उचला आणि कोणाची चूक किती झाली ते फळ्यावर मांडा.